‘हे आमच्याकडे बसत नाही’: पुण्यातल्या विज्ञानसंस्थांना आणि मानव्यविद्येच्या विभागांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि परिसरातल्या विज्ञानसंस्थांचे संचालक,
विद्यापीठांतल्या मानव्यविद्या शाखांचे अधिष्ठाते,
आणि हस्तलिखितं, दप्तरं, जुनी उपकरणं ज्यांच्या कुलपात आहेत ते विश्वस्त आणि ग्रंथपाल यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलांना व्हर्नियरचं रीडिंग घ्यायला शिकवण्यात बावीस वर्षं गेली. हे पत्र मात्र वर्गाबद्दल नाही. ते पावसाच्या एका रजिस्टराबद्दल आहे, आणि त्या रजिस्टरापायी गेली पाच वर्षं मी तुमच्यापैकी कित्येकांचे जिने चढले-उतरले, त्याबद्दल आहे.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मागे, झाडांपासून लांब, मोकळ्यावर पर्जन्यमापक बसवलेला होता. तोंड पाच इंच व्यासाचं, काठ जमिनीपासून फूटभर वर. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला वडील त्याचं नरसाळं काढायचे, आतली बाटली उचलायचे आणि पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे. मग मोजपात्र ओट्यावर ठेवून स्वतः उकिडवे बसायचे आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणायचे. पाणी काचेला धरून कडेनं वर चढतं, म्हणून आकडा मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. हे मला कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी त्या ओट्यापाशी कळलं. पाऊस नसेल तर रजिस्टरात ‘निरंक’ लिहायचं. रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे त्या दिवशी मोजणारा माणूस नव्हता, असं वडील सांगायचे.

त्या रजिस्टरात १९७४ च्या जुलैमध्ये लागोपाठ तीन दिवस २१, २१ आणि २१ मिलिमीटर पाऊस पडलेला आहे. तसा तो पडला नव्हता. माझा जन्म झाला म्हणून वडील फलटणला, माझ्या आजोळी गेले होते. जाताना शिपायाला सांगून गेले आणि शिपाई विसरला. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर बाटलीत एकूण ६३ मिलिमीटर. वडिलांनी तीननं भागलं. निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षांनी एकदा चहा पिता पिता त्यांनी हे सांगून टाकलं. म्हणाले, “सरकारी कागदात तुझा जन्म दोन ठिकाणी नोंदलेला आहे.”

त्या दिवसापासून एक विषय डोक्यात बसला. दख्खनच्या पठारावर पाऊस मोजणारी ही माणसं कोण होती? कारकून, तलाठी, शाळामास्तर, स्टेशनमास्तर. त्यांना मोजायला कोणी शिकवलं, वरून कोण तपासायचं, आणि त्यांच्या आजारपणांची, लग्नकार्यांची, बदल्यांची खूण आज संगणकात बसलेल्या आकड्यांत कुठे उरली आहे? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी अर्ज करायचं ठरवलं.

पहिल्या दारात, इतिहासाच्या, सांगितलं गेलं, “बाई, हे आकड्यांचं काम आहे, आमच्याकडे बसत नाही.” दुसऱ्या दारात, विज्ञानाच्या, “यात मुलाखती आहेत, दप्तरं आहेत, हे आमच्याकडे बसत नाही.” तिसऱ्या विभागातल्या बाईंनी चहा दिला, अर्धा तास नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “विषय फार छान आहे.” पुण्यात या वाक्याचा अर्थ काय होतो ते आपण सगळे जाणतो. एका ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरताना विषयाची यादी उघडली. तिच्यात दुग्धतंत्रज्ञान होतं, ग्रंथालयशास्त्र होतं, मला हवं ते नव्हतं. ‘इतर’सुद्धा नव्हतं.

एका तरुण हवामान-संशोधकाला मी वडिलांचे ते तीन आकडे दाखवले. तो म्हणाला, “सारखे आकडे लागोपाठ आले की आम्ही ते संशयास्पद म्हणून बाजूला ठेवतो.” त्याचं बरोबरच आहे. इतिहासाच्या एका मैत्रिणीला दाखवले, ती म्हणाली, “गोष्ट गोड आहे, दिवाळी अंकाला दे.” तीही मनापासून म्हणाली. पण तो आकडा संशयास्पद का झाला हे जिला माहीत आहे ती मी, तो आकडा गाळणारा तो, आणि कचेरीची दप्तरं वाचू शकणारी ती, अशी आम्ही तिघं एका टेबलाशी बसायची सोय या शहरात नाही. मी मागते आहे ते एवढंच टेबल आहे.

त्याला नेटवर्क म्हणा, मंडळ म्हणा, मला नावाचा सोस नाही. विज्ञानाचा इतिहास, विज्ञानाचं तत्त्वज्ञान, विज्ञान आणि समाज यांचा अभ्यास, म्हणजे थोडक्यात मानव्यविद्येच्या अंगानं विज्ञानाकडे बघणारे लोक पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर, नाशिक या पट्ट्यात जिथे जिथे एकेकटे बसलेले आहेत, त्यांना एकमेकांशी बांधणारं काहीतरी. जगात हे नवीन नाही. अमेरिकेत अशा अभ्यासकांची संस्था १९७५ मध्ये झाली, युरोपची स्वतःची १९८१ मध्ये. आपल्याकडेही दिल्लीहून निघणारं विज्ञानेतिहासाचं इंग्रजी नियतकालिक १९६६ पासून चालू आहे. पण दिल्लीचं नियतकालिक तालुका कचेरीच्या मागच्या अंगणापर्यंत पोचत नाही. त्याला जवळचं माणूस लागतं, आणि मोडी वाचणारं लागतं.

जवळची माणसं आपल्याकडे किती जवळ आहेत, ते वेताळ टेकडीवर उभं राहिलं की दिसतं. एका उताराला लॉ कॉलेज रस्त्याची बाजू. तिथे १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर संस्था आणि तिथून चालत जाता येईल अशी आघारकर संस्था. (ती आगरकर रस्त्यावर आहे. रस्ता समाजसुधारक गोपाळ गणेशांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तमांची. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अजून माझी जीभ वळत नाही.) पलीकडच्या उताराला पाषाण. तिथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मग उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, २००६ पासून आयसर. सकाळी सहाला या. या बाजूनं संस्कृतचे प्राध्यापक कानटोपी घालून चढतात, त्या बाजूनं रसायनशास्त्रज्ञ बुटांची नाडी आवळत. वेताळाच्या देवळापाशी दोघं दम खातात, “यंदा थंडी नाही फारशी” एवढं बोलतात आणि आपापल्या उतारानं घरी जातात. तीस-तीस वर्षांची ओळख असते. समोरचा दिवसभर नेमकं काय करतो, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

टेकडीच्या दोन्ही उतारांवर पाय असलेली माणसं या गावात होऊन गेली नाहीत असं नाही. दामोदर कोसंबी गणिती. डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करायचे, आणि इकडे घरामागच्या टेकड्यांवर हिंडताना दगडी हत्यारांचे बारके तुकडे वेचायचे. प्राचीन नाणी त्यांनी हजारोंनी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, झिजलं की वजन घटतं, वजनांच्या फरकाला संख्याशास्त्र लावलं की नाण्यांचा क्रम लावता येतो. हे काम कुठल्या विभागात बसलं असतं? आजच्या ऑनलाइन फॉर्मनं कोसंबींनाही परत पाठवलं असतं.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनेचा एक अख्खा भाग ‘विज्ञानेतिहास’ या नावानं काढला, तोही १९२० च्या दशकात, मराठीत. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला. भारतीय खगोलाचा इतिहास लिहायचा तर तो मराठीत लिहावा, असं ट्रेनिंग कॉलेजातल्या एका शिक्षकाला त्या काळी वाटलं आणि त्यानं लिहिला. आज एखाद्या संशोधकानं असा प्रबंध मराठीत द्यायचं म्हटलं तर आधी त्याला ‘गुण किती मिळतील’ याचा हिशेब करावा लागेल.

भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे होते. हस्तलिखितांचा हा क्युरेटर आयुष्यभर पोथ्यांत चष्मा शोधत होता, शब्दशः. भारतात चष्मा कधी आला, कोणी वापरला, त्याला काय म्हणत, यावर त्यांनी निबंध लिहिला आहे. तंबाखूवर लिहिलं, शोभेच्या दारूवर लिहिलं. दिवाळीत लक्ष्मी रस्त्यावर कान बंद करून चालताना मला हमखास गोड्यांची आठवण येते. वस्तू, तंत्र, शब्द आणि माणसाची सवय यांचा एकत्र माग काढणारी ही पद्धत पुढे कोणी चालवली? विज्ञानवाल्यांना ते संस्कृतचे वाटले, संस्कृतवाल्यांना ते किरकोळ विषयांवर लिहिणारे वाटले असावेत.

आणि इरावती कर्वे. त्यांच्यापाशी मी थोडी थांबणार आहे, कारण त्यांच्याही हातात कॅलिपर होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांनी पुढे नाझींच्या वंशधोरणाला विद्वत्तेचा टेकू दिला. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या असमानतेत वंशावंशांत फरक दिसेल आणि त्यातून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल, अशी फिशरांची कल्पना. विशीतल्या या मराठी बाईनं कवट्या मोजल्या आणि असा काही फरक मापांत दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष, परक्या देशात, परक्या भाषेत. हे आपण शाळेत शिकवायला हवं होतं. पण गोष्ट इथे संपत नाही आणि खरी अडचण पुढेच आहे. परत आल्यावर डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या शरीरांची मापं घेतली. मोजण्याची ती रीत बर्लिनहून येरवड्याला आली तेव्हा तिच्याबरोबर काय काय आलं आणि काय तिथेच राहिलं? ज्यांची डोकी मोजली त्या लोकांना काय सांगितलं होतं? याचं उत्तर द्यायला मानवशास्त्र यायला हवं, जर्मन यायला हवं, आकडेवारीतलं कळायला हवं आणि त्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांशी बोलता यायला हवं. एका माणसाला हे सगळं येणं अवघड आहे. चौघांना मिळून येऊ शकतं.

असं टेबल नसलं की काय होतं, त्याचा एक जुना दाखला देते. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या जुन्या सायन्स कॉलेजात एकेकाळी वेधशाळा होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभी राहिलेली, २० इंची परावर्ती दुर्बीण असलेली. त्या काळी देशातली सगळ्यात मोठी. ती चालवायचे कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सगळी उपकरणं घेऊन सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला गेले आणि ग्रहणाचा वर्णपट टिपला. पुण्यात प्लेगानं कहर मांडलेला, रँडच्या खुनाला सात महिने झालेले, आणि त्या धामधुमीत हा पारशी प्राध्यापक करमाळा तालुक्यात सूर्याकडे दुर्बीण लावून उभा. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. कॉलेजबाहेरच्या पुलावरून रोज हजारो माणसं जातात. त्यांच्यातल्या दहांना तरी नायगमवाला हे नाव ठाऊक असेल का, मला शंका आहे. मला स्वतःला ते चाळिशीनंतर कळलं, आणि मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते.

प्लेगाचा विषय निघालाच आहे तर एक. २०२० मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांनी १८९७ ची आठवण काढली. रँड आला, चापेकर आले, १० मार्चला प्लेगानं गेलेल्या सावित्रीबाई आल्या. पण १८९७ च्या जानेवारीत हाफकिननं मुंबईत स्वतःला टोचून घेतलेली ती लस पुण्याच्या पेठांत पोचली तेव्हा कोणी घेतली, कोणी नाकारली, कोणत्या शब्दांत नाकारली, हे विचारणारे लेख मला शोधावे लागले. देशातली एक मोठी विषाणुसंस्था आणि जगाला लशी पुरवणारा कारखाना ज्या शहरात आहे, तिथे लशीबद्दलच्या विश्वास-अविश्वासाचा सव्वाशे वर्षांचा अभ्यास एव्हाना कपाटभर असायला हवा होता.

हा अभ्यास जुन्या गोष्टी उकरण्यापुरता असतो असा आपल्यापैकी काहींचा समज आहे, म्हणून एक आजचीच बाब. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. तेव्हापासून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आपण ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. आज देशाचा अंदाज जाहीर होतो तेव्हा ‘सरासरीइतका पाऊस’ हा शब्द कानावर येतो. त्याचा हिशेब असा: जून ते सप्टेंबर, सगळा देश धरून, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी ८७ सेंटीमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांत पाऊस बसला की तो ‘सामान्य’. गणितात काही खोट नाही. पण बीडचा शेतकरी बातम्यांत ‘सामान्य पाऊस’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं रान असतं. त्या भरवशावर तो बियाणं घेतो. जुलै २०१७ मध्ये त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल थेट पोलिसांत तक्रार दिली. पेपरवाल्यांनी ती गमतीची बातमी म्हणून छापली. मला त्यात गंमत दिसली नाही. एका बाजूला संख्याशास्त्रातला शब्द, दुसऱ्या बाजूला बांधावरचा शब्द, दोन्हींचं रूप एकच. त्या दोहोंमध्ये उभं राहून बोलणारं कोणी तयार केलेलं नव्हतं. हे काम संगणकाची ताकद वाढवून होणारं नाही, त्याला भाषेचा आणि गावाचा अभ्यास असलेली माणसं हवामानशास्त्रज्ञाशेजारी बसवावी लागतील.

तसंच खोडदचं. नारायणगावापासून जवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण. तिला शांतता लागते. कानाला ऐकू येणारी नाही, रेडिओलहरींची. म्हणून आसपासच्या कारखान्यांवर बंधनं, आणि आता पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्गही तिच्यापायी अडला. त्याच नारायणगावात टोमॅटोचा बाजार भरतो आणि तिथेच गावोगावच्या जत्रांसाठी तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात. विज्ञानदिनाला खोडदला प्रदर्शन असतं, एसटी भरभरून पोरं येतात, मीही दोनदा वर्ग घेऊन गेले आहे. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं, “बाई, ते तिकडं अब्जावधी वर्षांपूर्वीचं ऐकत्यात, मग आमचं कोण ऐकतं?” तो चेष्टेतच म्हणाला, मीही हसले. पण दुर्बिणीसाठी कोणाची जमीन कशी घेतली, गावाला काय मिळालं, काय अडलं, हे खगोलशास्त्रज्ञ आणि गावकरी या दोघांकडून ऐकून लिहून ठेवणं हे कोणाचं काम आहे? आजच्या घडीला कोणाचंच नाही.

आता तुमच्या शंका, ज्या मला जिन्यांवर ऐकवल्या गेल्या.

विज्ञानवाल्यांना वाटतं, हे लोक येणार आणि ‘विज्ञान म्हणजे शेवटी एक मतच’ असं सांगणार. असं बोलणारे थोडे आहेत, नाही म्हणत नाही. त्यांच्याशी भांडायलाही एक जागा लागतेच. दुसरी भीती जास्त खरी आहे: हे दार उघडलं की ‘पुराणात विमानं होती’वाले पहिले आत शिरतील. मला वाटतं नेमकं उलट. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी त्या गाजलेल्या विमानशास्त्राच्या पोथीची तपासणी केली. नुसती वायुगतिकी लावली नाही. पोथीची भाषा पाहिली, ती कोणी, कधी, कोणाला सांगितली याचा माग काढला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेलं यंत्र उडणार नाही, असं दोन्ही अंगांनी दाखवून दिलं. नुसत्या अभियंत्याला ‘पण ग्रंथ प्राचीन आहे’ म्हणून गप्प करता आलं असतं, नुसत्या संस्कृतज्ञाला ‘तुम्हाला विमानातलं काय कळतं’ म्हणून. दार बंद असतं तेव्हाच अशा पोथ्यांचं फावतं.

आपल्या इथलीच चाचणी घ्या. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत नरेंद्र दाभोलकरही होते, फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, ओळखा म्हणून. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाला ४० पत्रिका, आणि सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. हा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी चोख होती. मग माझ्या सहकारी शिक्षिका, एमएस्सी झालेल्या, मुलीचं लग्न ठरवताना पत्रिका का बघतात? त्यांना ४६ टक्के माहीत आहे, मीच सांगितलंय. त्या पत्रिकेत भविष्य बघतात की नकार द्यायची एक सभ्य सोय बघतात? हा प्रश्न संख्याशास्त्राच्या आवाक्यातला नाही, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत आपली भाषणं सभागृहातल्या आधीच पटलेल्या माणसांपुढेच होत राहणार.

मानव्यविद्येच्या मंडळींनाही एक सांगायचंय. ‘आमचं गणित कच्चं’ हे तुम्ही ज्या अभिमानानं सांगता तो अभिमान सोडा. नाटकाबद्दल काही कळत नाही असं एखादा शास्त्रज्ञ म्हणाला की तुम्ही त्याची कीव करता.

मला इमारत नको, बोधचिन्ह नको, शाल-श्रीफळ आणि दीपप्रज्वलन तर नकोच नको. महिन्यातून एक बैठक, आज पाषाणला, पुढच्या वेळी वाईला विश्वकोशाच्या गावात, मग कोल्हापूरला. बोलणं मराठीत, ज्याला जमत नाही त्यानं इंग्रजीत बोलावं, पण प्रश्न मराठीत विचारले जातील. पीएच.डी.ला दोन मार्गदर्शक, एक या उतारावरचा आणि एक त्या, आणि ऑनलाइन यादीत एक जादा ओळ. ती ओळ घालायला किती खर्च येतो?

सगळ्यात आधी मात्र कपाटं. कोणाच्या कपाटात काय आहे याची एक सामाईक यादी, निर्लेखन होण्याच्या आधी. हा शब्द तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. जुनी वस्तू, जुनं रजिस्टर, मुदत संपली की समिती बसते, सह्या होतात, भंगारवाल्याचा टेम्पो येतो. एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक ग्लास ब्लोअर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी फुंकलेल्या काचेवर किती पीएच.डी. झाल्या याची गणती नाही. आभाराच्या पानावर त्यांचं नाव दोनदा आलं, त्यात एकदा चुकलेलं. त्यांच्या वह्या आहेत, प्रत्येक उपकरणाची आकृती, माप, आणि बाजूला शेरे: ‘साहेबांनी सांगितलं तसं केलं, फुटलं. माझ्या पद्धतीनं केलं, टिकलं.’ वह्या सध्या माळ्यावर आहेत. ते ऐंशीच्या पुढे आहेत. टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसायला मोठा निधी मंजूर व्हावा लागत नाही.

आणि आता मूळ रजिस्टराचं सांगते, पत्र लिहायला तेच कारण झालं. गेल्या महिन्यात मी त्या तालुका कचेरीत गेले. वडिलांच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी आहे. तिनं मागच्या खोलीतून गठ्ठे काढून दाखवले, धूळ झटकली, १९७४ चा जुलै सापडला. वडिलांचं अक्षर, २१, २१, २१, आणि शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. फोटो काढू दिला. मग म्हणाली, “ताई, १९८० पर्यंतचे सगळे गठ्ठे निर्लेखनाच्या यादीत आहेत, मार्चअखेर जातील. एखाद्या संस्थेनं अभ्यासासाठी हवेत म्हणून पत्र दिलं तर साहेब थांबवतील, पण लेटरहेडवर लागेल.”

माझ्याकडे लेटरहेड नाही. तुम्हा सगळ्यांकडे आहे. मजकूर मी टाइप करून आणते, गठ्ठे आणायला टेम्पोही मी बघते. त्या उताराच्या किंवा या उताराच्या, तुमच्यापैकी कोणत्याही एका संस्थेची सही आणि शिक्का मार्चच्या आत मिळावा, ही विनंती.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका, पुणे